झोपी गेलेल्या जिवाणूंवर प्रकाशाचा मारा

प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स झाला, जखम भरत आली आणि महिन्याभरात पुन्हा चिघळली, की जिवाणू औषधाला प्रतिरोधक झाले असं सरसकट म्हटलं जातं. पुष्कळदा तसं नसतं. 1944 मध्ये जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर पेनिसिलिन सोडलं, तेव्हा थोडे जिवाणू मागे उरले. त्यांची पुन्हा वाढ केल्यावर पुढची पिढी पेनिसिलिनने नेहमीसारखीच मेली. उरलेले जिवाणू चयापचय जवळजवळ थांबवून नुसते पडून होते. पेनिसिलिन पेशीभित्तिकेच्या बांधकामात खोडा घालतं. बांधकामच बंद असेल तर खोडा कशात घालणार? असे सुस्त जिवाणू कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर बायोफिल्मच्या, म्हणजे जिवाणूंनीच तयार केलेल्या चिकट थराच्या, आत दडून बसतात.

त्यांना जागं न करता मारायचा एक उपचार म्हणजे रंगद्रव्य आणि प्रकाश वापरून ऑक्सिजनलाच हत्यार बनवणं. या उपचाराचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हा ऑक्सिजनच.

हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात आणि दोघांचं स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक पुंजगुणधर्म, ज्याच्या दोनच दिशा असतात) एकाच दिशेचं असतं. प्रथिनांत, मेदात मात्र इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनच्या जोड्यांनी बसलेले असतात. पुंजभौतिकीच्या नियमांमुळे या दोघांची थेट अभिक्रिया अतिशय मंद होते, म्हणूनच 21 टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत आपण सुखाने जगतो. आता मिथिलीन ब्लूसारखं रंगद्रव्य घ्या. ते सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषतं, त्यातल्या उत्तेजित इलेक्ट्रॉनचं स्पिन उलटतं आणि रेणू ट्रिपलेट अवस्थेत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनचं स्पिन एकाच दिशेचं असलेल्या अवस्थेत, अडकतो. या अवस्थेत तो ऑक्सिजनवर आदळला की ऊर्जा ऑक्सिजनला देऊन स्वतः मूळपदावर येतो. ऑक्सिजनचे सुटे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, स्पिनची आडकाठी संपते आणि तयार होतो सिंगलेट ऑक्सिजन. तो प्रथिनांमधल्या हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन या अमिनो आम्लांवर तुटून पडतो. जिवाणू जागा असो वा सुस्त, ही आम्लं त्याच्यात असतातच. शिवाय हल्ला एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्याने त्याविरुद्ध प्रतिरोध कमावणंही अवघड.

पण पाण्यात सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य सुमारे 3.5 मायक्रोसेकंदच. तेवढ्यात तो फार तर काही शे नॅनोमीटर सरकतो. म्हणजे तो जिवाणूच्या अंगाला लागूनच तयार व्हायला हवा, आणि नॅनोकणांचं, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, काम नेमकं इथे. जिवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. धनभारित कण रंगद्रव्याचे असंख्य रेणू घेऊन त्याला चिकटतात.

मूळ कल्पना जुनी आहे. ऑस्कर राब यांनी म्युनिकमध्ये ॲक्रिडीन हे रसायन आणि उजेड एकत्र आल्यावर पॅरामेशियम हे एकपेशीय जीव मरतात हे दाखवलं, त्याचा निबंध 1900 सालचा. कल्पना खरी असली, तरी 'नॅनो' छापलेली मलमं आणि कोणताही संसर्ग घालवणारे रंगीत दिवे यांच्या जाहिरातींना भुलू नये. तांबड्या प्रकाशाने जंतू मरायचे, तर तो शोषणारं काहीतरी जंतूंपाशी असावंच लागतं.

मर्यादाही खऱ्या आहेत. बायोफिल्मच्या तळाशी ऑक्सिजनच तुटपुंजा असतो. तिथे सोन्याच्या नॅनोदांड्या उपयोगी पडू शकतात, कारण त्या अवरक्त प्रकाश शोषून थेट उष्णता देतात. मात्र त्या उष्णतेने भोवतालच्या निरोगी पेशीही भाजू शकतात. तांबडा प्रकाश ऊतींमध्ये काही मिलिमीटरच प्रभावीपणे शिरतो. त्यामुळे हिरड्यांच्या संसर्गावर रंगद्रव्य आणि लेझर आज वापरात आहेत, नॅनोकण बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत, आणि शरीरात खोलवर बसवलेल्या सांध्यापर्यंत पोचायचं तर प्रकाश ऑप्टिकल फायबरनेच आत न्यावा लागेल.