कंपनी रजिस्टर झाली म्हणजे कोड आपोआप कंपनीचा होत नाही

"मेमोरँडम, आर्टिकल्सवर (कंपनी स्थापनेच्या कागदांवर) सह्या झाल्या, आता आपण बनवलेलं सगळं कंपनीचंच" हे कित्येक वर्षं फिरतंय आणि नवीन फाउंडर डोळे झाकून विश्वास ठेवतात. असं होत नाही हो.

रजिस्ट्रेशनच्या आधी कंपनी अस्तित्वातच नव्हती, मग तेव्हा लिहिलेला कोड, काढलेला लोगो, घेतलेलं डोमेन तिच्या नावावर कसं असेल? कॉपीराइट सहसा ज्याने काम केलं त्याचाच, आणि तो कंपनीला द्यायचा तर हक्क सोपवणारं लेखी असाइनमेंट अ‍ॅग्रीमेंट लागतं. आर्टिकल्समध्ये शेअर, डायरेक्टर, मतदान वगैरे असतं, कोडच्या मालकीबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते.

कर्मचाऱ्याने नोकरीत केलेलं काम बऱ्याच देशांत मालकाचं धरतात, त्यातूनच हा गैरसमज आला असावा. पण फाउंडर पगारी कर्मचारी असतोच असं नाही, फ्रीलान्सर तर नाहीच, त्याचं बिल भरलं तरी हक्क त्याच्याकडेच राहू शकतात.

खरा घोळ होतो एखादा पार्टनर सोडून गेल्यावर, किंवा गुंतवणूकदाराचा वकील असाइनमेंटचे कागद मागतो तेव्हा, कारण गेलेल्या माणसाची सही मिळवणं फार अवघड. म्हणून कंपनी झाली की लगेच, संबंध चांगले असतानाच, प्रत्येकाकडून सही घ्या, आधीच्या कामासकट. आणि कोणी त्या काळात दुसरीकडे नोकरीला असेल तर तिथलं अ‍ॅग्रीमेंट नीट वाचा, त्या कोडवर त्या मालकाचाही हक्क निघू शकतो.