जंगलाची किंमत चिंचोक्यांत

मार्च सरत आला की सातपुड्यातल्या पाड्यांवर अंधार असतानाच टोपल्या बाहेर निघतात. मोहाची फुलं रात्रभर गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचली नाहीत तर गुरं खाऊन जातात. झाडाखाली म्हातारी, सून, शाळेतली पोरं असं सगळं घर वाकलेलं असतं. फूल रसानं टम्म फुगलेलं, बोटांना चिकटणारं. अंगणात वाळलं की वजन निम्म्याच्याही खाली येतं. मग थोडी फुलं बाजारात जातात, थोडी पावसाळ्यातल्या अडीनडीला राहतात.

या झाडाची किंमत त्या म्हातारीला कशी विचारायची?

अर्थशास्त्रात एक सरळ पद्धत आहे: ‘हे जंगल टिकावं म्हणून वर्षाला किती रुपये द्याल?’ तिच्यात मोठी मेख आहे. जिच्या हातात रोकडच नाही, ती दहा रुपयांचाही विचार करते, म्हणून कागदावर तिचं जंगल स्वस्त ठरतं. तोच प्रश्न उलटा विचारा, ‘उद्या इथे पाऊल टाकायला बंदी झाली तर किती भरपाई घ्याल?’, की आकडा कैक पटींनी चढतो. कित्येक जण तर आकडा सांगायलाच नकार देतात, कारण त्यांच्या लेखी हा विकायचा मालच नव्हे. म्हणून काही अभ्यासक रुपयांऐवजी श्रमाचे दिवस किंवा धान्याच्या पायल्या विचारतात. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या मालिनाऊ भागात तर गावकऱ्यांपुढे 100 खडे ठेवले गेले: जे जितकं महत्त्वाचं, त्यावर तितके खडे ठेवा.

आपल्याकडे यासाठी चिंचोके चालतील. लाकूडफाटा, चारा, मोह, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं, झाडपाला, झऱ्याचं पाणी, आणि वाघदेवाची जागा. बायकांचा गट वेगळा, पुरुषांचा वेगळा. लाकडाची मोळी जिच्या डोक्यावर येते तिचा ढीग कुठे मोठा पडतो, ते बघावं. ढीग वेगळे का पडले यावर वाद सुरू झाला की मला वाटतं खरी माहिती तिथून मिळते. वाघदेवापुढे किती चिंचोके ठेवायचे, यावर मात्र बहुधा कुणी हात पुढे करणार नाही, आणि तेही उत्तरच आहे.

आता डोंगर उतरून खाली या. जळगाव जिल्ह्यातलं यावल अभयारण्य 1969 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर. पाल गावाजवळून वाहणारी सुकी नदी पुढे तापीला मिळते. पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. त्यात पाणी भराभर मुरतं आणि रावेर-यावलच्या विहिरींना पोचतं. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी याच पाण्यावर उभी आहे. झाडं पाणी ‘तयार’ करत नाहीत, स्वतःही भरपूर पितात. पण पालापाचोळा आणि मुळांमुळे माती भुसभुशीत राहते, पावसाचा लोंढा थबकतो, गाळ कमी येतो. उघड्या डोंगरावरून पाणी धो धो निघून जातं, आणि सोबत आलेली बारीक माती मुरायच्या जागाच बुजवते.

केळीवाल्या शेतकऱ्यापुढे हेच 100 चिंचोके ठेवले तर जंगलाच्या वाट्याला किती येतील? मला भीती आहे, फार थोडे. त्याचं बोअर दरवर्षी खोल जातं, पण वरच्या डोंगराशी त्याचा संबंध त्याला कुणी दाखवलेला नसतो. रानडुक्कर मका उद्ध्वस्त करतं ते पाड्यावरच्याचा, अभयारण्याचे निर्बंधही त्यालाच. पाणी मात्र खालच्यांच्या विहिरीत. हा अन्याय किमतीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा, म्हणजे मोह, डिंक, पानं अशा लाकडाव्यतिरिक्तच्या रानउत्पन्नावरचा, हक्क मान्य केला, तो या हिशेबाचा एक तुकडा.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाड्यात, चैत्राम पवार (2025 मध्ये पद्मश्री) आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं रान स्वतः राखून परत उभं केलं. तिथे किंमत विचारायला कुणी बाहेरून यावं लागलं नाही. विहिरींना पाणी राहू लागलं, तेव्हा ती घराघरात कळली. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका रानातून आणलेल्या भाज्या रांधून पानावर मांडतात, आणि कुठली भाजी कुठल्या उतारावर येते, कोवळी कधी खुडायची, कुठलीचं पाणी आधी उकळून ओतून द्यायचं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतात.