लिनक्स : मेमरी आणि स्वॅप

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात रॅमची वाटणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतो. प्रत्येक प्रोग्रामला आपली मेमरी सलग आणि स्वतंत्र असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती छोट्या पानांमध्ये विभागून रॅमभर विखुरलेली असते. नेहमीच्या पीसीवर एक पान ४ केबीचे असते. रॅम अपुरी पडू लागली की काही पाने डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत हलवतात. या जागेला स्वॅप म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय फार लवकर, जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीतच आली.

नव्या वापरकर्त्याला रॅमचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड हमखास घाबरवते, कारण तिच्या ‘फ्री’ रकान्यात बहुधा अगदी थोडी रॅम दिसते. हा बिघाड नव्हे. एकदा वाचलेल्या फाइली कर्नल पेज कॅशमध्ये, म्हणजे रिकाम्या रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात, जपून ठेवतो आणि प्रोग्रामांना जागा लागली की त्यातली बरीचशी तत्काळ सोडतो. म्हणून पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना : प्रोग्रामांना किती रॅम मिळू शकेल, याचा अंदाज. हा अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच देतो.

जागा मोकळी करताना कर्नलपुढे कळीचा प्रश्न असतो : या पानाची प्रत डिस्कवर आहे का? फाइलचे किंवा प्रोग्रामच्या कोडचे पान टाकून देता येते, कारण लागेल तेव्हा ते पुन्हा वाचता येते. ब्राउझरच्या उघड्या टॅबमधल्या बऱ्याचशा डेटाला मात्र मागे कोणतीच फाइल नसते. अशा अनामिक पानांना रॅमबाहेर पडायला स्वॅप हीच वाट आहे. त्यामुळे स्वॅप बंद केला की संगणक वेगवान होतो, हा सल्ला दिशाभूल करणारा आहे. महिनोन् महिने कोणी न विचारलेली अनामिक पानेही मग रॅममध्ये अडकून राहतात आणि टंचाई आली की चालू प्रोग्रामांचा कोडच पुन्हा पुन्हा टाकून परत वाचावा लागतो. स्वॅप नसतानाही डिस्क अखंड फिरते आणि माउसचा बाण जागीच थिजतो, तो यामुळेच.

‘स्वॅपिनेस’ या आकड्याविषयीही असाच गैरसमज आहे. त्याचे मूळ मूल्य ६० असते, पण रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, असा त्याचा अर्थ नाही. अनामिक पाने हलवायची की फाइलींची टाकायची, यातला कल तो ठरवतो. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून तो २०० पर्यंत नेता येतो. स्वॅप डिस्कपेक्षा वेगवान असेल, तर १०० च्या वरचे मूल्य योग्य ठरते. असा वेगवान स्वॅप म्हणजे झेडरॅम : पाने डिस्कवर न पाठवता रॅममध्येच कॉम्प्रेस करून, म्हणजे कमी जागेत बसवून, ठेवली जातात. फेडोरा या लिनक्स वितरणाने ३३ व्या आवृत्तीपासून तोच मूळ पर्याय केला.

स्वॅपसाठी स्वतंत्र पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) किंवा साधी फाइल चालते. रॅमच्या दुप्पट स्वॅप हा जुना दंडक आता धरून बसण्याचे कारण नाही. हायबरनेट (रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवून संगणक बंद करणे) वापरायचे असेल, तर मात्र रॅममधला मजकूर मावेल इतकी जागा हवी. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपले, तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर हा कर्नलचा भाग प्रत्येक प्रक्रियेचे, म्हणजे चालू प्रोग्रामचे, गुण पाहून सर्वाधिक गुणांची प्रक्रिया बंद करतो. बहुधा ती सर्वांत जास्त मेमरी खाणारी असते.

स्वॅप भरलेला दिसणे ही काळजीची गोष्ट नाही. ‘व्हीएमस्टॅट’ या कमांडमधले ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारे) आणि ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारे) हे रकाने पाहावेत. तिथले आकडे सतत मोठे राहिले, तर रॅम खरोखरच कमी आहे आणि स्वॅप वाढवून ती उणीव भरत नाही.