काटे न टाकलेला पुआ काला

अफूच्या कुळातील एकच वनस्पती मूळची हवाई बेटांची आहे आणि जगात इतरत्र ती नैसर्गिकपणे उगवत नाही. शास्त्रीय भाषेत ती आर्गेमोनी ग्लॉका. हवाई लोक तिला ‘पुआ काला’, म्हणजे काटेरी फूल, म्हणतात. आपल्या पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा याच आर्गेमोनी वंशातला असल्याने, त्याच्या काट्यांनी ज्यांचे हात ओरबाडले आहेत त्यांना पुआ काला निराळा ओळखावा लागणार नाही. फुले मात्र पांढरीशुभ्र असतात. पाकळ्या चुरगळलेल्या तलम कागदासारख्या आणि मध्यभागी नारिंगी-पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका.

ईशान्येकडून येणारे वारे आपला पाऊस डोंगरांच्या एका अंगाला रिता करतात आणि दुसऱ्या, कोरड्या अंगाला लाव्हाच्या खडकाळ, तापलेल्या जमिनीवर ही वनस्पती वाढते. तिच्या पानांवरील मेणचट निळसर-राखाडी थर पाण्याचे बाष्पीभवन कमी करतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ते तिचे काटे. माणूस येण्यापूर्वी या बेटांवर जमिनीवर चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे खंडांवरून येऊन तेथे रुजलेल्या अनेक वनस्पतींनी पिढ्यान्‌पिढ्या आपली संरक्षक साधने गमावली. तेथील मूळच्या रासबेरीला काटे जवळजवळ उरले नाहीत आणि पुदिन्याच्या कुळातील कित्येक वनस्पतींचा उग्र वासही गेला. पुआ कालाने मात्र अमेरिका खंडातील पूर्वजांचे काटे आणि कडू पिवळा चीक, दोन्ही जपले. 1778 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने शेळ्या आणल्या, 1793 मध्ये दुसरा ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरने गुरे आणली आणि निःशस्त्र वनस्पतींचा फडशा पडू लागला, तेव्हा ही काटेरी वनस्पती चराऊ कुरणांतही टिकून राहिली.

या चिकात अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी रसायने, असतात. हवाई वैद्य दातदुखीवर आणि चामखिळींवर तो वापरत. त्याचे अनुकरण कोणी करू नये, कारण पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने 1998 मध्ये दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या रोगाची, जीवघेणी साथ पसरली होती.

वणव्यानंतर पुन्हा उगवणाऱ्या हवाईतील मोजक्या मूळच्या वनस्पतींमध्ये पुआ कालाची गणना होते. तरीही, आपण चाऱ्यासाठी लावतो ते गिनी गवत तेथे बेसुमार पसरले असून 2023 च्या ऑगस्टमध्ये माउई बेटावरील भीषण आगीला अशाच वाळलेल्या परक्या गवतांनी इंधन पुरवले. जळाल्यावर हे गवत इतक्या वेगाने पुन्हा दाटते, की कोवळ्या रोपांना लागणारी मोकळी, उन्हाची जागा उरतच नाही.