गोधडी शिवतानाच्या चुका (कोकण)

गोधडी शिवताना होणाऱ्या चुका आणि त्या निस्तरायच्या रीती. गोधडीलाच वाकळही म्हणतात. कोकणातली गोधडी बहुधा कापूस भरलेली दुलई नसते, तर जुनी लुगडी, धोतरं, परकर, लुंग्या एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले थर असतात. त्यामुळे कापूस एका कोपऱ्यात गोळा होण्याची भानगड इथे नाही, इथली मुख्य अडचण थर सरकण्याची.

टाका लहानमोठा पडला तर ती चूक धरली जात नाही, ओळ वाकडी गेली तर पुढच्या दोन-चार ओळींत हळूहळू सरळ करून घेतात, उसवत नाहीत. चूक खरी ती जी धुतल्यावर उघडी पडते. हे मोजमाप लक्षात घेतलं नाही तर या कामाची पारख कायमच चुकीची होते, आणि प्रदर्शनात लावलेल्या गोधड्यांबद्दल लिहिताना तसं झालेलंही दिसतं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मधला झोळ. वरचं आणि खालचं कापड सुईपुढे सारख्या चालीने जात नाही, दर टाक्याला वरचा थर केसभर पुढे ढकलला जातो, आणि चारी कडांनी आत शिवत आलं की ते सगळं ढिलं कापड मध्ये येऊन साचतं. मशीनवर तर जास्तच, कारण खालचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा पाय वरचा थर अडवून धरतो (वॉकिंग फूट म्हणून वेगळा पाय मिळतो त्याने बराच फरक पडतो). हाताने शिवणाऱ्या बायका आधी खळ्यात नाहीतर पडवीत थर ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात, लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घेतात आणि मगच दोरा भरायला बसतात. तरीही झोळ आलाच तर त्याची चुणी घालून एका बाजूला दाबतात, शिवतात, वर ठिगळ लावतात. उसवणं शक्यतो टाळतात, त्याला कारण आहे: नव्या कापडातली सुईची भोकं धुतल्यावर बरीचशी बुजतात, पण विरलेल्या लुगड्यातली बुजत नाहीत, तिथूनच कापड फाटायला लागतं.

झोळ टाळायची एक वेगळीच रीत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या (यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या) सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, आहे. वरचे तुकडे आधी जोडून ठेवलेले नसतात, कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा दुमडत, बसवत, फेऱ्याफेऱ्याने मध्यापर्यंत शिवत जातात, म्हणजे ढिलेपणा निघाला की तो पुढच्या तुकड्याखाली जिरतो. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुला’ लावतात, ते चुकून बाहेर राहिलेलं टोक नव्हे, त्याच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. या सिद्दींचे पूर्वज बरेचसे पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, पुढे घाटावरच्या जंगलात गेलेले. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींशी त्यांची गल्लत करू नये, तो इतिहास आरमाराचा आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या संस्थानाचा आहे. कवंदीची शिवण आफ्रिकेतून आली की इथलीच, यावर दोन मतं संभवतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलाइतिहासकारांनी कवंदीवर बरंच काम केलंय. पण जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा ही जोडी महाराष्ट्राच्या गोधडीत, कर्नाटकाच्या कौदीत, बंगालच्या कांथात सगळीकडे सापडते, तेव्हा निदान शिवणीपुरतं तरी मूळ इथलं मानणं जास्त पटतं. रंग आणि तुकड्यांची मांडणी हा वेगळा प्रश्न.

दुसरा वाद मुद्दाम केलेल्या चुकीचा. परिपूर्ण फक्त देव, म्हणून कारागीर एक चूक जाणूनबुजून ठेवतो, ही गोष्ट अमेरिकेतल्या आमिश (साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) बायकांच्या क्विल्टबद्दल, म्हणजे तिकडच्या गोधड्यांबद्दल, आणि इराणी गालिच्यांबद्दल वारंवार सांगितली जाते. क्विल्टच्या अभ्यासकांनी ती तपासली तेव्हा आमिश बायकांमध्ये अशी प्रथा असल्याचा जुना भक्कम पुरावा मिळाला नाही, वेगळ्या रंगाचा तुकडा पुष्कळदा कापड संपल्यामुळेच आलेला असावा. कोकणातल्या गोधडीला ही कथा चिकटवू नये. इथे घरात जे फाटकं निघालं ते वापरलं जातं, लाल काठ मध्येच संपून हिरवा लागतो आणि त्यात शिवणारीचा हिशेब असतो, नम्रतेचा देखावा नसतो.

कापडाच्या निवडीतल्या चुका मात्र शिवून झाल्यावर दुरुस्त करणं अवघड. नवं मांजरपाट न भिजवता जुन्या सुतीवर घातलं की पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि सगळी गोधडी चुरमडते. नायलॉन, टेरीकॉटच्या साड्या निसटतात, घामही टिपत नाहीत. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला कापतो असं पुष्कळजणी म्हणतात, त्याबद्दल एकमत नाही, पण दोरा कापडाहून मजबूत नसावा ही सावधगिरी रास्त वाटते कारण दोरा तुटला तर परत भरता येतो. रंग गेला तर मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला सर्रास मिळतो, हल्लीच्या बाजारी रंगांना त्याचा भरवसा नाही. फुटलेला रंग वाळू द्यायचा नाही, ओली असतानाच साबणाच्या भरपूर गरम पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं. रक्ताच्या डागाला उलट, गार पाणीच, गरम पाण्याने तो पक्का बसतो. सुई टोचली की लगेच स्वतःची थुंकी लावून पुसतात ती युक्ती ताज्या डागाला चालते.

पावसाळ्याचा हिशेब इथे वेगळा धरावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेतच ओल, त्यामुळे शिवण मे संपायच्या आत उरकलेली बरी. थर जास्त घालून जड केलेली गोधडी पावसात वाळतच नाही, आणि अर्धवट ओली घडी घातली की कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात जे पुढे कितीही उन्हं दाखवली तरी पुरते जात नाहीत.

थरांत सुई किंवा टाचणी राहून जाणं ही एकच चूक अशी की तिला माफी नाही, बाळाच्या दुपट्यात तर नाहीच. कामाला बसताना सुया मोजून घेणं, उठताना परत मोजणं, शेवटी तळहाताने गोधडी इंच इंच दाबत जाणं किंवा वरून लोहचुंबक फिरवणं, एवढे उपाय करतात, आणि सुई कमी भरली तर ती मिळेपर्यंत गोधडी कुणाच्या अंगावर जात नाही.