चुंबक आर्क विझवतो की डिस्चार्ज टिकवतो?

डीसी कॉन्टॅक्टरमध्ये (डीसी करंट चालू-बंद करणारा स्विच) चुंबक बसवतात तो आर्क, म्हणजे स्विच उघडताना मधल्या गॅसमधून पेटणारा विजेचा झोत, विझवायला, आणि मॅग्नेट्रॉन स्पटरिंगमध्ये (चार्ज झालेल्या अणूंच्या माऱ्याने एका पदार्थाचे अणू उडवून दुसऱ्यावर पातळ थर चढवायची पद्धत) टार्गेटच्या, म्हणजे ज्याचे अणू उडवायचे त्या पदार्थाच्या, मागे चुंबक लावतात तो डिस्चार्ज, म्हणजे गॅसमधून वाहणारा करंट, टिकवायला. फोर्स दोन्हीकडे तोच, चार्जच्या वेगाला काटकोनात लागणारा, मग परिणाम उलटे कसे? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मला विचाराल तर आधी एवढंच बघा, इलेक्ट्रॉनला कुठेही न धडकता एक गोल फेरी मारता येते का.

आर्कमध्ये नाही येत. तिथे गॅस साध्या हवेच्या दाबाला असतो, त्यामुळे फेरी पुरी व्हायच्या आत इलेक्ट्रॉन कितीतरी वेळा आपटतो, आणि चुंबकाने दिलेला धक्का तो गॅसला देऊन टाकतो. आयन (इलेक्ट्रॉन गमावून प्लस चार्ज झालेले अणू) इलेक्ट्रॉनच्या उलट्या दिशेने जातात पण त्यांचा चार्जही उलटा, म्हणून तेही त्याच बाजूला ढकलले जातात (हे नीट समजून घ्या, सगळं यावर आहे) आणि मग अख्खा आर्क करंट वाहणाऱ्या वायरसारखा एका बाजूला कमानीसारखा फुगतो, लांब होतो, आर्क च्यूटच्या (आर्कचे तुकडे करायला बसवलेला भाग) धातूच्या पट्ट्यांवर जाऊन त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला स्वतःचे साधारण २० व्होल्ट लागतात, तेवढं व्होल्टेज सप्लायकडे उरत नाही आणि आर्क मरतो. एसीत करंट दर सायकलला दोनदा झिरोवर येतो म्हणून काम सोपं, डीसीत ती सोय नाही. आणि पर्मनंट मॅग्नेटवाल्या कॉन्टॅक्टरवर प्लस-मायनसची खूण असेल तर ती पाळाच, उलटं जोडलं तर आर्क च्यूटऐवजी आतल्या बाजूला जातो.

स्पटरिंगमध्ये दाब साधारण ०.१ ते १ पास्कल, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या लाखाव्या ते दहा लाखाव्या भागाएवढा. इथे इलेक्ट्रॉनला मोकळं रान मिळतं. १०० इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन ०.०५ टेस्लात एक मिलिमीटरपेक्षाही लहान गोलात फिरतो, आर्गॉनचा आयन त्याच्या ७३ हजार पट जड असल्यामुळे फारसा वळतच नाही. इलेक्ट्रॉन सरळ प्लस बाजूच्या अ‍ॅनोडकडे पळून जाण्याऐवजी टार्गेटजवळच घिरट्या घालत राहतो, वाट लांबते, वाटेत जास्त अणू आयन होतात, म्हणून इतक्या विरळ गॅसमध्येही काहीशे व्होल्टवर डिस्चार्ज चालतो. चेंबरच्या खिडकीतून टार्गेटवर चमकणारी रिंग दिसते ती याचीच, आणि वापरलेलं टार्गेट बाहेर काढलं की बरोबर त्या रिंगखाली खोल चर पडलेला असतो.