‘आधी कुणी केलं नाही, म्हणजे पेटंट पक्कं’?

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: आपली पद्धत जशीच्या तशी कुठं छापलेली नसेल, तर पेटंट मिळतंच.

असं वाटणं साहजिक आहे. नावीन्याची अट खरीच आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. पेटंट कायदा, 1970 मधलं कलम 2(1)(जेए) पुढं विचारतं: त्या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का?

माती परीक्षण घ्या. नमुना सावलीत वाळवायचा, कुटायचा, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा, ही जुनी रीत. कुणी कुटण्याआधी एकदा जास्तीचं चाळलं, तर नेमका तो क्रम कुठं छापलेला नसेलही; पण जाणकार म्हणेल, यात सुचायचं काय राहिलं? उलट, वाळवताना उडून जाणारा एखादा घटक तुमच्या अनपेक्षित युक्तीनं टिकला, तर बाजू भक्कम. भांडण बहुतेक इथंच रंगतं, कारण जमल्यावर सगळंच सोपं दिसतं. म्हणून अर्जाआधी काय ठाऊक होतं तेच बघायचं असतं.

पडताळायचं तर ते कलम वाचा. प्रसिद्ध झालेले अर्ज ऑनलाइन फुकट शोधता येतात. शोधताना नुसतं नाव टाकू नका, एकेक टप्पा टाका.